सिनेमा ऐकायचा की पंखा?

घरात मोठा टीव्ही येतो, बरे स्पीकर येतात, आणि त्यांच्या शेजारी गुडघ्याएवढा काळा टॉवर येऊन उभा राहतो. काचेचं दार, आत निळे-जांभळे दिवे, तीन-चार पंखे. दुकानदाराने सांगितलेलं असतं, ‘‘साहेब, पाच वर्षं बघायला नको.’’ रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की कळतं, हा डबा गप्प बसत नाही. पडद्यावर कोणी कुजबुजलं की खोलीत घरघर ऐकू येते. मग आवाज वाढवायचा. पुढच्याच प्रसंगात ढोल वाजतात आणि आतल्या खोलीत झोपलेली पोरं उठतात.

हा टॉवर दुकानातच राहू द्या. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या घरांत सिनेमा बघायला जे यंत्र लागतं ते जेवणाच्या डब्याहून मोठं नसतं, दहा-पंधरा वॉट वीज खातं आणि आवाज करत नाही. त्याहून जास्त जे काही विकलं जातं, ते दुकानदाराच्या सोयीचं असतं.

इथे आवाजाचा प्रश्न शहरापेक्षा मोठा आहे, लहान नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरालाही रिक्षा, बस, वरच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर चालू असते. त्यात कॉम्प्युटरचा पंखा बुडून जातो. तोरण्याच्या पायथ्याशी किंवा हिरडस मावळातल्या एखाद्या वाडीत थंडीतल्या रात्री असं काही नसतं. तिथे शांत खोलीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. अशा खोलीत ४० डेसिबलचा पंखा कानाला दुप्पट मोठा लागतो, कारण डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नाही. दहा डेसिबल वाढले की माणसाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. खोक्यावर ‘सायलेंट’ छापलेलं असतं, पण किती अंतरावरून मोजलं हे छापलेलं नसतं. अर्ध्या मीटरवरून मोजलं की दोन मीटरवरून, यात फार फरक पडतो. आकडा असेल आणि अंतर नसेल, तर तो आकडा सोडून द्या.

आणखी एक. छोट्या डब्यात छोटा पंखा असतो, आणि छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं. त्याची किरकिर बारीक, वरच्या पट्टीतली असते. मोठ्या पंख्याच्या घुमण्यापेक्षा ती कानाला जास्त टोचते. त्यामुळे ‘छोटा म्हणजे शांत’ हे समीकरण खरं नाही. शांत तो, ज्याची चिप मुळात कमी तापते. चिप कमी तापली की पंखा हळू फिरतो, किंवा पंखा लागतच नाही. धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. निवड चिपपासून सुरू करायची, खोक्यापासून नाही.

चिपकडे येतोच, पण आधी विजेचं बोलू.

भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. एवढी धरणं या दोन तालुक्यांत आहेत. भाटघरला आणि पानशेतला पाण्यावर वीज तयार होते. तरी जून ते सप्टेंबर या भागातल्या घरांत इन्व्हर्टर नसेल तर संध्याकाळ कशी जाईल ते सांगता येत नाही. घाटमाथ्याचा पाऊस, तारांवर पडणारी झाडं, रानातून गेलेल्या लांबच लांब वाहिन्या; बिघाड शोधायलाच अर्धा दिवस जातो. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इकडे पाण्यासाठी वापरतात, पावसाळ्यात ती विजेलाही लागते. म्हणून घरच्या सिनेमाचा कॉम्प्युटर निवडायचा तो इन्व्हर्टरकडे बघून.

हिशोब सोपा आहे. बारा व्होल्टची, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी जुनी होते, इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, आणि बॅटरी तळापर्यंत उपसू नये. म्हणून निम्मंच धरा, ९०० वॉट-तास. टीव्ही ८०, स्पीकर २५, राउटर १०, छताचा साधा पंखा ७०, एक दिवा १०. झाले १९५ वॉट. त्यात १५ वॉटचा मिनी कॉम्प्युटर धरला तर २१०, म्हणजे सव्वाचार तास. त्याच्या जागी १३० वॉट खाणारा टॉवर धरला तर ३२५, म्हणजे पावणेतीन तास. तीन तासांचा सिनेमा असेल तर शेवट बघायला दुसऱ्या दिवशी वीज यायची वाट पाहायची. छताचा पंखा बीएलडीसीचा असेल तर आणखी चाळीसेक वॉट वाचतात, आणि खोलीतला सर्वांत मोठा आवाजही थोडा कमी होतो. सिनेमाच्या खोलीत हाच खर्च आधी करा असं मी म्हणेन.

वर्षाचं बिलही करून बघा. रोज तीन तास धरले तर १५ वॉटचं यंत्र वर्षाला साडेसोळा युनिट खातं, १३० वॉटचं १४२. सव्वाशे युनिटांचा फरक. आपल्या बिलावरचा दर बघा आणि गुणाकार करा. एवढे पैसे दरवर्षी पंख्याची घरघर ऐकायला भरायचे का, हे घरात विचारा.

इन्व्हर्टरबद्दल दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना एक खटका असतो, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला दुसऱ्या पद्धतीत जास्त वेळ लागतो. दिवे-पंख्यांना तो कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. खटका ‘यूपीएस’वर ठेवा. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर छताचा पंखा गुणगुणतो, स्पीकरमधून घूं ऐकू येते, आणि मग शांत कॉम्प्युटर आणून काय मिळवलं?

तिसरी गोष्ट कॉम्प्युटरच्या आतली. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबल्यावर दिसणाऱ्या पडद्यात, वीज परत आल्यावर काय करायचं याची सोय असते. ती ‘चालू हो’वर ठेवली की आजींना टीव्हीमागे वाकून बटण शोधावं लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वतः सुरू करता येत नाही ते यंत्र घराचं नव्हे, घरातल्या एका पोराचं असतं. यावरून रिमोटचा मुद्दा येतो. टीव्हीच्याच रिमोटने कॉम्प्युटर हलावा यासाठी एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची सोय आहे. रास्पबेरी पायमध्ये ती असते. इंटेलच्या चिपवर चालणाऱ्या बहुतेक मिनी कॉम्प्युटरांत नसते, त्यांना यूएसबीचा वेगळा रिमोट घ्यावा लागतो. तो पहिल्या दिवशीच घ्या. माऊस आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन सिनेमा बघायला लावलंत, तर घरातली मंडळी पुन्हा मोबाइलकडे वळतील आणि त्यांचं बरोबर असेल.

आता चिप. दुकानात आय-५, आय-७ असे स्टिकर दाखवून किंमत सांगतात. तो स्टिकर बाजूला ठेवा आणि मॉडेलचा पूर्ण आकडा विचारा. ‘आय-५ ७५००टी’ असं लिहिलेलं असेल तर पहिला ७ म्हणजे सातवी पिढी आणि शेवटचा टी म्हणजे कमी वीज खाणारी जात. सिनेमाला हीच दोन अक्षरं महत्त्वाची. आजचे बरेचसे ४के सिनेमे एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने, तेही १०-बिट रंगात, दाबून भरलेले असतात. ते उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग लागतो. सहाव्या पिढीत तो ८-बिटपुरता होता, सातवीत १०-बिटसाठी आला. हा भाग नसेल तर सगळं काम मुख्य चिपवर पडतं, ती तापते आणि पंखा किंचाळायला लागतो. चौथ्या पिढीचा आय-७ ‘दणकट मशीन’ म्हणून गळ्यात मारतात. सिनेमाच्या कामात सातव्या पिढीचा साधा आय-३ त्याच्यापेक्षा थंड आणि शांत चालतो.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण नेमकी याच पिढीची यंत्रं आत्ता ऑफिसांतून बाहेर पडत आहेत. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे मिनी असे पुस्तकाएवढे, चांगल्या बांधणीचे कॉम्प्युटर कंपन्या विकून टाकतात. कचेरीला ते निरुपयोगी झाले, सिनेमाला नाहीत. त्यावर लिबरईएलईसी किंवा लिनक्स मिंट टाकायचं, दोन्ही फुकट. लिबरईएलईसीमध्ये कोडी नावाचा सिनेमा चालवणारा प्रोग्राम असतो. यंत्र चालू केलं की थेट सिनेमांची यादी समोर, बाकी काही नाही. घरच्या मंडळींना एवढंच हवं असतं.

जुना मिनी घेताना तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. आत एसएसडी आहे ना. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून टाका. पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ असते, ती ब्रशने आणि हवेच्या फुंकरीने साफ करून चिपवरचा थर्मल पेस्टचा थर नवा लावा. एवढ्याने पंख्याचा आवाज कानाला कळेल इतका उतरतो. आणि मागचं तोंड बघा. या पिढीतल्या बऱ्याच यंत्रांची एचडीएमआय जुन्या १.४ प्रकारची असते, ती ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच देते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, त्यामुळे तो चालतो. क्रिकेट बघायचं असेल तर डिस्प्लेपोर्टमधून अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर लावा.

नवंच घ्यायचं असेल तर इंटेलची एन१०० चिप बघा. २०२३मध्ये आली, ६ वॉटची आहे, आणि यूट्यूब ज्या एव्ही१ पद्धतीकडे वळतं आहे तीही उलगडते. पंखा नसलेल्या डब्यात ती मिळते. मिळत असेल तर पंखा नसलेलीच घ्या. रास्पबेरी पाय ५ लोकांना आवडतो, मलाही त्याचा नीटनेटकेपणा आवडतो, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एचईव्हीसी तो सहज उलगडतो, जुन्या एच.२६४ फायली मात्र मुख्य चिपच्या ताकदीवर चालवतो, आणि एव्ही१ला वेगळा भागच नाही. शिवाय तो मेमरी कार्डवर चालतो. वीज खटकन गेली की कार्डवरची माहिती बिघडू शकते. वेल्ह्यात वीज खटकनच जाते. पाय घेतलाच तर एसएसडीवरून चालवा.

आता ज्यांना कॉम्प्युटर घ्यायची गरजच नाही, त्यांच्यासाठी. तुम्ही फक्त पैसे भरून ओटीटी बघत असाल, तर कॉम्प्युटर घेऊ नका. टीव्हीतलं अ‍ॅप किंवा नामांकित कंपनीची एचडीएमआयला लावायची काडी पुरते. उलट कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये, लिनक्सवर तर नक्कीच, या सेवा चोरीच्या भीतीने कमी स्पष्ट चित्र देतात. पैसे ४केचे भरायचे आणि चित्र निम्मं बघायचं. फक्त ती काडी खरोखरच नामांकित कंपनीची असू द्या. ‘सगळे चॅनेल कायमचे फुकट’ म्हणून विकले जाणारे बिननावाचे अँड्रॉइड डबे घरात आणू नका. २०२३च्या जानेवारीत ‘टी-९५’ नावाच्या अशाच डब्यात आधीपासूनच भरलेला घातक प्रोग्राम सापडला होता. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात असेच स्वस्त डबे होते. असा डबा तुमच्या घरच्या वायफायवर बसतो, आणि त्याच वायफायवरून तुम्ही बँकेचा व्यवहार करता. शिवाय फुकटात दिसणारे ते मराठी सिनेमे कोणीतरी कर्ज काढून बनवलेले असतात.

ओटीटीला इथे दुसरीही अडचण आहे. नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातं, ४के ७ जीबीपर्यंत. मोबाइलच्या नेहमीच्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात. म्हणजे फायबर आलेलं नसेल तर रोजच्या डेटात एक सिनेमाही बसत नाही. डोंगराच्या आडोशाला टॉवरची रेंज मिळत नाही हे गुंजवणे किंवा वाजेघरच्या माणसाला मी सांगायला नको.

मग कॉम्प्युटर कोणासाठी? ज्यांच्याकडे स्वतःचं काही जपून ठेवण्यासारखं आहे त्यांच्यासाठी. आणि भोर-वेल्ह्यात असं घर शोधावं लागत नाही.

भोरचा राजवाडा, नीरेचा घाट, नेकलेस पॉइंट, इथे वर्षानुवर्षं सिनेमे आणि मालिकांची चित्रीकरणं होतात. भोरमधल्या माणसाची सिनेमा बघायची रीत त्यामुळे वेगळी आहे. गोष्ट कुठल्या राज्यात, कुठल्या शतकात घडते आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं; ‘‘थांब, थांब, मागे घे, तो आपल्या घाटाचा कोपरा आहे’’ असं कोणीतरी ओरडतं. गर्दीत उभं राहिलेलं ओळखीचं कोणी दिसतं. कोडीमध्ये चित्र थांबवून एकेक चौकट पुढे सरकवता येते. ओटीटीच्या अ‍ॅपमध्ये एवढ्या बारकाईने थांबता येत नाही. विकत घेतलेल्या जुन्या डीव्हीडी, व्हीसीडी कपाटात पडून असतील तर त्या याच कामासाठी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. डीव्हीडीवर बुरशी चढते, आणि चकत्या वाचणारे प्लेअर घराघरांतून नाहीसे होत आहेत.

पण माझा खरा जीव अडकला आहे तो लग्नाच्या कॅसेटींत. नव्वदच्या दशकात या तालुक्यांत लग्नाचं व्हिडिओ शूटिंग सुरू झालं. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या, आणि वऱ्हाडात प्रत्येकाचा चेहरा सावकाश टिपत जाणारा शूटिंगवाला. त्या व्हीएचएस कॅसेटी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्यात आता हयात नसलेली माणसं चालतात-बोलतात. नीरा देवघर आणि गुंजवणी धरणांसाठी लोकांची घरं आणि शेतं गेली. एखाद्या कॅसेटमध्ये मांडवामागे दिसणारं अंगण आज पाण्याखाली असेल. सरकारी नकाशात त्या जागेचा गट नंबर सापडेल. अंगणात कोण कुठे बसायचं ते फक्त त्या कॅसेटमध्ये आहे.

या कॅसेटी आधी वाचवा, टीव्ही नंतर घ्या. चुंबकी फीत दमट हवेत बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका; बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागत जाते. पुण्यात फिती साफ करून उतरवून देणारी माणसं आहेत. त्यांना एवढंच सांगा, की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशी चिमुकली फाइल नको, होईल तेवढी चांगली प्रत द्या. एका फाइलच्या दोन प्रती करा: एक गावच्या घरात, एक पुण्या-मुंबईच्या भावाकडे. नीरेला पूर आला किंवा घरावर वीज पडली तरी एक राहते.

या फायली चालवताना कॉम्प्युटरचं खरं काम सुरू होतं. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चौकटी, आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत टिपलेली. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर चित्र अडखळत सरकतं, आणि वऱ्हाड चालायला लागलं की कडांना फणीचे दात दिसतात. कोडीच्या सेटिंगमध्ये चित्रानुसार हर्ट्झ बदलू द्या, म्हणजे टीव्ही ५०वर जाईल. डीइंटरलेस चालू ठेवा, म्हणजे दात जातील. ही दोन बटणं दाबल्यावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं लग्न जसं चालत होतं तसं चालायला लागतं. बाजारातल्या काड्यांत ही सोय धड नसते. म्हणून कॉम्प्युटर.

आणि म्हणून शांतता. व्हीएचएसच्या कडेच्या पट्टीवरचा आवाज मुळात बारीक असतो आणि त्यात फितीची सरसर असते. हळद दळताना जात्यावर बसलेल्या आजीची ओवी, मांडवात मामाने वरबापाशी केलेली बोलणी, हे सगळं त्या सरसरीच्या जेमतेम वर ऐकू येतं. त्याच्यावर टॉवरची घरघर चढवली की ओवी गेली. आवाज वाढवून उपयोग नाही, सरसरही वाढते. खोलीतला आवाज कमी करणं एवढा एकच उपाय आहे. घरच्या आजीचा आवाज ऐकण्यासाठी थोडा अभ्यास करून यंत्र घ्यायला काय हरकत आहे?

यंत्र घरात आल्यावर त्याचा जीव घेऊ नका. टीव्हीच्या लाकडी कपाटात दार लावून कोंडू नका. बिनपंख्याच्या यंत्राला तर चहूबाजूंनी हवा लागते. त्यावर भरतकामाचा रुमाल घालू नका. मोठी हार्ड डिस्क पोकळ फळीवर किंवा लोखंडी कपाटावर ठेवली की सगळं कपाट गुणगुणतं. खाली रबराचा तुकडा ठेवा, किंवा यूएसबीवर चालणारी लहान डिस्क घ्या. पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवा; त्याच्याच उबेने आतली ओल जाते. पाल आणि मुंग्या उबेला येतात, तेव्हा मागच्या बाजूला अधूनमधून टॉर्च मारून बघा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ गडगडायला लागलं की विजेची पिन काढाच, आणि डिशची केबलही काढा. वीज तारेतून येते तशी केबलमधूनही येते. घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

पानशेत-वरसगावच्या काठाने आणि भाटघरच्या बाजूला शेतघरं बांधणाऱ्या पुणेकरांनाही एक सांगायचं आहे. तुमच्या थिएटर रूमचा सबवूफर पाण्यावरून पलीकडच्या वाडीत पोचतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पलीकडच्या माणसाला पहाटे उठून भाताच्या खाचरात उतरायचं असतं. पंख्याची घरघर नसलेल्या खोलीत निम्म्या आवाजात तोच सिनेमा पूर्ण ऐकू येतो, तेव्हा शांत यंत्र घेणं हे शेजाऱ्याशी वागण्यातही मोडतं.

खरेदीला लोक कापूरहोळवरून थेट पुण्याला जातात, बहुतेक बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास. तिथे उभं राहून कुठल्याही यंत्राचा आवाज ऐकता येत नाही. गल्लीच एवढी बोलते. दुकानदार ‘‘बघा, आवाज आहे का?’’ म्हणून विचारेल आणि तुम्हीही ‘‘नाही’’ म्हणाल. म्हणून पेन ड्राइव्हवर आपली एक १०-बिट एचईव्हीसी फाइल आणि लग्नाच्या कॅसेटची एक फाइल घेऊन जा. दोन्ही तिथे दहा मिनिटं चालवायला लावा, आणि मग यंत्रावर हात ठेवून बघा किती तापलं. त्यानंतर स्पष्ट विचारा, की घरी रात्री दहाला लावून ऐकेन, घरघरलं तर आठवड्यात परत घ्याल का? घेणार असतील तर ते बिलावर लिहून घ्या. ‘‘वस्तू परत घेतली जाणार नाही’’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा. गल्लीत दुकानं पुष्कळ आहेत.